पंगत सायकलवरच बसते

ट्रायथलॉन करते म्हटलं की लोक आधी पोहण्याचं विचारतात, समुद्रात भीती नाही का वाटत, मग सायकल केवढ्याची, मग गुडघ्यांचं काय. खाण्याचं सहसा कोणी विचारत नाही, विचारलंच तर "प्रोटीन घेतेस का" एवढंच. मला मात्र मनापासून वाटतं की लांबच्या रेसमध्ये शेवटच्या दहा किलोमीटरला माणूस पळतोय की पाय ओढत चाललाय हे दोन-तीन तास आधीच, तो सायकलवर असताना त्याच्या पोटात काय गेलं आणि काय नाही गेलं, यावर ठरून गेलेलं असतं. फिटनेस लागतोच, त्यात वादच नाही, पण चांगली दणकट माणसं रनला रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलेली मी बघितलीयेत. आमच्या पुण्याच्या ट्रायथलॉन ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांना हे सगळं तुकड्यातुकड्यांत सांगून झालंय, आता एकदा सलग लिहून काढते.

आधी थोडे आकडे. ट्रायथलॉन म्हणजे एकामागोमाग पोहणं, सायकल आणि पळणं. त्यातली फुल, म्हणजे पूर्ण आयर्नमॅन अंतराची रेस, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि ४२.२ पळणं. हाफ म्हणजे बरोबर याच्या निम्मं, १.९, ९० आणि २१.१. आमच्यासारखे मधल्या फळीतले लोक हाफला सहा ते आठ तास घेतात, फुलला तर अगदी सतरा तासांपर्यंत लोक रस्त्यावर असतात. अंगात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, स्नायूंमध्ये चारशे-पाचशे ग्रॅम आणि लिव्हरमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास, सगळं मिळून दोन हजार कॅलरींच्या घरात. हाफमध्येच तीन-चार हजार सहज जळतात. बाकीचं चरबीतून येतं हे खरंय, पण चरबी सावकाश जळते आणि तुम्ही जोर लावायला गेलात की शरीर साखरच मागतं. म्हणजे वाटेत खाण्यावाचून सुटका नाही.

आणि हे आजचं नाही. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा रस्त्यात पाण्याची टेबलं वगैरे काही नव्हतं, प्रत्येकाने आपली माणसं गाडीतून सोबत आणायची आणि ती देतील ते खायचं-प्यायचं. जॉन डनबार म्हणून एक जण सायकल संपली तेव्हा पुढे होता, पळताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बिअर दिली, तो दुसरा आला आणि गॉर्डन हॅलर पहिला. पुढे १९८२ च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस ही कॉलेजातली मुलगी पहिली येत होती, फिनिश लाईन समोर दिसत असताना पडली, उठली, परत पडली, शेवटी रांगत पोचली आणि तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून २९ सेकंदांनी जिंकली. तो व्हिडिओ लोक जिद्दीसाठी शेअर करतात आणि जिद्द आहेच ती, मलाही दर वेळी गलबलून येतं, पण अंगातली साखर आणि पाणी संपल्यावर पाय ऐकायचेच बंद होतात म्हणजे नेमकं काय होतं हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता मुद्दा. पोहताना खाता येत नाही, हे उघडच आहे. पळताना पोट सतत वरखाली हलतं, रक्त सगळं पायांकडे आणि घाम काढायला कातडीकडे गेलेलं, पोटाच्या वाट्याला फार थोडं उरतं, त्यामुळे जे सायकलवर सहज पचतं तेच रनला वर येतं. राहिली सायकल. तिथे पोट स्थिर असतं, हात मोकळा करता येतो, सामान ठेवायला जागा असते आणि रेसमधला सगळ्यात जास्त वेळही तिथेच जातो. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये आम्ही म्हणतो की पंगत सायकलवरच बसते, रनला फक्त बडीशेप. रनला जे लागणार आहे तेसुद्धा सायकल संपायच्या आत पोटात गेलेलं असलं पाहिजे.

किती खायचं? भुकेवर जायचं नाही, हे सगळ्यात आधी. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं की भूक लागली की जेव, नको असेल तर बळजबरी नको. रेसमध्ये भूक लागेपर्यंत थांबलात तर अर्धा-पाऊण तास उशीर झालेला असतो, कारण आता खाल्लेलं रक्तात पोचायलाही वेळ लागतो. घड्याळावर दर पंधरा मिनिटांनी अलार्म लावायचा आणि तो वाजला की घोट घ्यायचा, इच्छा असो नसो, चढ असो उतार असो. किलोमीटरवर पण जाऊ नका, समोरून वारा असला की तेच दहा किलोमीटर किती वेळ खातात ते पानशेत रस्त्याला विचारा.

तासाला किती ग्रॅम कार्ब्स, म्हणजे साखर-स्टार्च, घ्यायचे याचं गणित असं आहे. नुसतं ग्लुकोज घेतलं तर आतड्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातं, त्याची वाट तेवढीच आहे, वरचं सगळं पोटात पडून राहतं आणि मग मळमळ, पोटात गोळा, धावतपळत टॉयलेट. फ्रुक्टोजची वाट मात्र वेगळी आहे. दोन्ही एकत्र घेतलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, सराव असलेले त्याच्याही पुढे जातात. या विषयावर आस्कर यूकेनड्रुप या डच शास्त्रज्ञाचं खूप काम आहे, आणि तो स्वतः आयर्नमॅन केलेला माणूस आहे म्हणून मला त्याचं बोलणं जास्त पटतं. याचा आपल्या दृष्टीने अर्थ काय, तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ग्लुकॉन-डी आणून बाटलीत डबल टाकली म्हणजे डबल ताकद, असं होत नाही. साठच्या वर जायचं असेल तर फ्रुक्टोज हवंच, आणि ते आपल्या घरात डब्यात असतं, कारण साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज.

माझं घरचं मिश्रण एकदम साधं आहे. दोन भाग साखर, एक भाग माल्टोडेक्स्ट्रिन. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पांढरी पूड, पोटात गेल्यावर तिचं ग्लुकोजच होतं, पण चवीला जवळजवळ गोड नसते आणि हेच तिचं मोल, ऑनलाईन मिळते, फूड ग्रेड आहे ना एवढं बघून घ्या. ६० ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम माल्टो घेतलं की हिशोबाने ६० ग्रॅम ग्लुकोज आणि ३० ग्रॅम फ्रुक्टोज होतं, म्हणजे तासाचे ९०. तेवढं पचत नसेल तर ४० आणि २० घ्या, तासाचे ६०. त्यात पाव चमचा मीठ, साधारण दीड ग्रॅम, त्यातून सहाशेच्या आसपास मिलीग्रॅम सोडियम मिळतं. आंबटपणाला मी आधी लिंबू पिळायची, पण उन्हात तापलेल्या बाटलीत लिंबू दोन तासांनी कडवट लागायला लागतं, म्हणून आता कोकमाचं आगळ टाकते, फक्त आगळात आधीच मीठ असतं हे धरून वरचं मीठ कमी करायचं.

आमच्या सासूबाईंना डायबेटिस आहे, त्यामुळे घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो आणि चहासुद्धा जपून. मी ओट्यावर काटा ठेवून साखर मोजायला लागले की त्या दारात येऊन उभ्या राहतात. "अगं, एवढी एका बाटलीत? आणि ही तासाभराची?" मी म्हटलं, "अहो आई, बसून नाही प्यायची, सायकल चालवताना प्यायची आहे, पाय चालू असले की ती साखर सरळ पायांकडेच जाते." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग घरी आल्यावर नको पिऊस हो." आणि अगदी बरोबर बोलल्या त्या. व्यायाम चालू असताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, सोफ्यावर बसलेल्या माणसाचं तसं नसतं. हे खाणं रेसचं आणि लांबच्या राईडचं आहे, तासाभराच्या विद्यापीठाच्या राउंडला पाणी पुरे. आणि ज्यांना स्वतःला शुगर आहे त्यांनी माझी रेसिपी नाही, आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं, यात कुठेही सूट नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक टाळतात. पोटालाही सराव लागतो. पाय आठवड्यात सहा दिवस ट्रेन करायचे आणि पोटाला रेसच्या दिवशी पहिल्यांदा ९० ग्रॅम दाखवायचे, हे चालत नाही. रेसच्या आठ-दहा आठवडे आधी सुरुवात करायची, तासाला ४० ग्रॅमपासून, दोन-दोन आठवड्यांनी दहा-दहा ग्रॅम वाढवायचे. रोज साखर मिळायला लागली की आतडंही ती आत घ्यायची आपली क्षमता वाढवतं, हे खरोखर होतं. पण हे रमतगमत केलेल्या राईडवर करून उपयोग नाही, रेसमध्ये जेवढा जोर लावणार तेवढाच लावून करायला हवं, कारण हार्ट रेट १२० असताना पोट वडासुद्धा पचवेल, १५० ला तेच पोट पाणी पण नको म्हणतं. मला यासाठी बोपदेव घाट आवडतो. घाट चढायच्या दहा मिनिटं आधी त्या साखर-माल्टोच्या मिश्रणाचे घोट घ्यायचे आणि मग जोर लावून चढायचं, वर पोचेपर्यंत पोटाने तक्रार नाही केली तर ते प्रमाण पास. पलीकडे सासवडला थोडं थांबायचं, दिवे घाटातून उतरायचं आणि हडपसरच्या ट्रॅफिकला तोंड द्यायचं. बायकांसाठी एक सांगते, पाळीच्या दिवसांत माझं पोट वेगळं वागतं, जे एरवी सहज जातं ते तेव्हा जड पडतं, म्हणून त्या दिवसांतही मुद्दाम एखादी लांब राईड करून बघा, रेसची तारीख काही आपल्या तारखा बघून ठरत नाही.

सासवडवरून आठवलं, पुरंदरच्या अंजिरांचा सीझन असला की आम्ही तिथे थांबून अंजीर खातोच, आणि बरेच जण विचारतात की मग रेसला सुकं अंजीर, खजूर, चिक्की का नाही, सगळं नैसर्गिक तर आहे. लांब, सावकाश राईडला जरूर खा, मी पण खाते. बटर पेपरमध्ये गुंडाळलेला मीठ लावलेला उकडलेला बटाटा, मऊ भात दाबून केलेल्या वड्या, केळं, राजगिऱ्याची वडी, या सगळ्यावर मी पानशेत-वरसगावच्या कितीतरी राईड आनंदाने केल्यात, चार तास गोडच गोड पिऊन झाल्यावर तो खारा बटाटा तोंडात गेला की काय बरं वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत. पण रेसच्या जोराला फायबर आणि तेल-तूप-दाणे पोटात थांबून राहतात, अंजिराच्या बिया तर विचारूच नका. शिवाय १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १७ ते २० ग्रॅमच कार्ब्स, म्हणजे तासाचे ७० ग्रॅम बटाट्यातून काढायचे तर पाव किलोहून बरेच जास्त बटाटे न्यावे लागतील, सायकलवर पोतं बांधून. फुलला सुरुवातीच्या दोन तासांत एखादं-दुसरं असं खाणं ठेवायला हरकत नाही, नंतर सगळं पातळ.

नेण्याचं गणित आता. हाफच्या ९० किलोमीटरला मला साडेतीन तासांच्या जवळपास लागतात. तासाला ७० ग्रॅम धरले तर २४५ ग्रॅम. जेल म्हणजे छोट्या पाकिटात मिळणारा घट्ट गोड पाक. एका जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम, म्हणजे नुसत्या जेलवर दहा पाकिटं, फुलला तर वीसच्या वर. दहा पाकिटं फाडायची, प्रत्येकाचं कव्हर चिकट हातांनी खिशात कोंबायचं, आणि खर्च वेगळाच. म्हणून मी सगळं एका ७५० मिलीच्या बाटलीत पाक करून नेते. १६५ ग्रॅम साखर, ८० ग्रॅम माल्टो, मीठ, आगळ. कोमट पाण्यात आधी साखर विरघळवायची, मग माल्टो थोडं थोडं टाकत हलवायचं, एकदम टाकलं तर गाठी होतात आणि त्या नेमक्या नोझलमध्ये अडकतात. बाटलीवर इन्सुलेशन टेपच्या तीन पट्ट्या लावायच्या, पहिल्या तासाला इथपर्यंत, दुसऱ्याला इथपर्यंत, मग डोकं चालेनासं झालं तरी नजर टाकली की कळतं आपण मागे आहोत की पुढे. हा पाक एकटा प्यायचा नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, इतकं घट्ट पोटात गेलं की पोट ते पातळ करायला अंगातलंच पाणी ओढतं. दोन घोट पाक आणि त्यावर चार-पाच घोट साधं पाणी. पाणी दर एड स्टेशनला, म्हणजे रेसच्या रस्त्यातल्या खाण्यापिण्याच्या टेबलांवर, मिळतं, ते न्यायची गरज नाही, साखर न्यायची.

सगळं एका बाटलीत ठेवण्याचा धोका म्हणजे ती बाटली पडली तर संपलं. सीटच्या मागे बाटल्या लावायची पद्धत आहे, दिसायला पण भारी दिसतं, पण तिथल्या बाटली अडकवायच्या पिंजऱ्यातून बाटली जोराच्या धक्क्याला रॉकेटसारखी उडते. आमच्या ग्रुपमधल्या एका दादाची पाकाची बाटली एनडीए रोडला स्पीडब्रेकरवर अशीच उडाली, मागून येणाऱ्या रिक्षाखाली गेली आणि रस्ताभर आगळाचा लाल ओघळ, आम्हाला वाटलं कोणाला लागलं. आपल्याकडचे स्पीडब्रेकर या बाबतीत उत्तम परीक्षक आहेत, जी बाटली सिंहगड रोडवरून येऊन-जाऊन पिंजऱ्यात टिकते ती कुठल्याही रेसला टिकेल. म्हणून पाकाची बाटली फ्रेमच्या आत, डाउन ट्यूबवर, म्हणजे खालच्या तिरक्या नळीवर, घट्ट पिंजऱ्यात. हँडलच्या मधे स्ट्रॉवाली पाण्याची बाटली, एड स्टेशनला चालता चालता भरता येते. आणि टॉप ट्यूबवरच्या, म्हणजे वरच्या आडव्या नळीवरच्या, छोट्या पिशवीत तीन-चार जेल, एका छोट्या झिपच्या पाकिटात मिठाच्या गोळ्या. हा राखीव साठा, पाक गेला तरी रनपर्यंत पोचवणारा. जेलची तोंडं घरीच किंचित कापून ठेवावी असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, उन्हात गळतं आणि मग ब्रेकची लिव्हर, घड्याळ, चष्मा सगळं चिकट. एवढंच करा की झिपची चेन सराव म्हणून एका हाताने, घाम आलेल्या बोटांनी उघडून बघा, बऱ्याच पिशव्यांची चेन नवीन असताना इतकी घट्ट असते की दुसरा हात सोडावाच लागतो.

फुलला सायकलच्या निम्म्या वाटेवर आणि रनच्या निम्म्या वाटेवर बहुतेक ठिकाणी स्पेशल नीड्स बॅग, म्हणजे आपणच आधी भरून दिलेली पिशवी, मिळते, पाकाची दुसरी बाटली सायकलच्या बॅगेत ठेवायची, आदल्या रात्री गोठवून ठेवली तर दुपारी निदान गार असते. हाफला सहसा अशी बॅग नसते. आणि नवरा, आई, मित्र कडेला उभे राहून काही हातात देणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की ते नियमात बसत नाही, त्यांनी फक्त ओरडायचं. कचराही एड स्टेशनच्या हद्दीतच टाकायचा, बाहेर टाकला तर पेनल्टी, आणि पेनल्टी नसती तरी कोणाच्या गावातल्या रस्त्यावर आपण चिकट पाकिटं टाकायची नाहीत.

पाणी आणि मीठ हा पुण्यातल्या लोकांसाठी वेगळा विषय आहे, कारण आपण सराव करतो पुण्यात आणि रेस बहुधा समुद्राकाठी. गोव्याची हाफ २०१९ पासून सुरू झाली तेव्हापासून पुण्याहून माणसं तिथे जातात, मिरामारला पोहणं, आणि हवा अशी की उभ्या उभ्या घाम. पुण्यात उन्हाळ्यात कोरडं असतं, घाम येतो आणि लगेच वाळतो, अंग गार राहतं आणि आपल्याला वाटतं आपल्याला घाम कमी येतो. गोव्यात तो वाळतच नाही, नुसता ठिबकतो, अंग गार होत नाही म्हणून शरीर अजून घाम काढतं. तेव्हा आपला घाम मोजून घ्यायचा, त्याला काही मशीन लागत नाही. राईडच्या आधी आणि नंतर अंग पुसून, कपडे काढून वजन करा. समजा दोन तासांत एक किलो उतरलं आणि मधे १.२ लिटर प्यायलात, तर घाम २.२ लिटर, म्हणजे तासाला १.१. मी हे पहाटेच्या गारव्यात एकदा, दुपारच्या उन्हात एकदा आणि घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, पंखा बंद करून एकदा करते, तो पंखा बंदचा आकडा गोव्याच्या सगळ्यात जवळ जातो.

पण जेवढा घाम गेला तेवढं सगळं भरून काढायचं नसतं, जमतही नाही, थोडं वजन उतरलेलंच ठीक. उलटा धोका जास्त आहे, जो आपल्याकडे कोणी सांगत नाही, कारण "पाणी पी, पाणी पी" हे प्रेमाने सांगायची आपल्याला सवय. नुसतं साधं पाणी तासन्तास ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून घड्याळाचा पट्टा रुततो, बोलणं असंबद्ध होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं डिहायड्रेशन झालंय म्हणून तो अजून पाणी देतो. यात माणूस जिवावर बेतेपर्यंत जाऊ शकतो. काळी टोपी वाळल्यावर तिच्यावर पांढरे नकाशे उठत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे असं समजा आणि तासाला सहाशे-सातशे मिलीग्रॅम सोडियम धरून चाला. ओआरएसबद्दल बरेच जण विचारतात. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅमच असतं, सोडियम मात्र भरपूर, सतराशे मिलीग्रॅमच्या वर. म्हणजे मिठाला उत्तम, पण त्यावर पाय चालणार नाहीत, ते जेवण नाही.

रेसच्या आधीचे दोन दिवस सोपे आहेत, फक्त घरच्यांना समजावून सांगावं लागतं. किलोमागे आठ-दहा ग्रॅम कार्ब्स, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला पाचशे ते सहाशे ग्रॅम, हे भाजी-पोळी खाऊन होत नाही, पोट आधी भरतं. मऊ भात, मीठ, अगदी थोडं तूप, बटाटा, साखर घातलेलं सरबत, पांढरा ब्रेड-जॅम. उसळी, कोशिंबीर, मोडाची कडधान्यं, एरवी जे चांगलं म्हणून खातो ते सगळं दोन दिवस बंद. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे पातळ खीर चालते, पण शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी रेसच्या पहाटे नको. सकाळी पोहण्याच्या तीन तास आधी मऊ भात किंवा ब्रेड, स्टार्टच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एक जेल आणि पाणी.

पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलवर पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी. समुद्राचं खारं पाणी पोटात गेलेलं असतं, हार्ट रेट वर असतो, तेव्हाच पाक ओतायला गेलात की सगळं वर येतं. श्वास खाली बसला की अलार्मप्रमाणे सुरू. सायकल संपायच्या वीस मिनिटं आधी पाक बंद, म्हणजे पळायला उतरताना पोट हलकं. रनला मी कमरेच्या पट्ट्यात चार जेल ठेवते, अर्ध्या तासाला एक, आणि एड स्टेशनच्या कोकवर भिस्त, शंभर मिलीच्या कपात दहा-अकरा ग्रॅम साखर, शिवाय थोडं कॅफीन. शेवटी शेवटी जेलचा वास नकोसा होतो पण कोक का कोण जाणे जातोच.

आणि समजा पोट बंद पडलंच, घशाशी यायला लागलं, तर अजून काही ढकलायचं नाही. वेग कमी करायचा, दहा मिनिटं चालायचं, छोटे घोट पाणी, डोक्यावर बर्फ. हार्ट रेट उतरला की पोटाला रक्त मिळतं आणि ते परत कामाला लागतं, मग अर्धा कप कोकने सुरुवात. दहा मिनिटं घालवून पुढचे दहा किलोमीटर पळता येतात, पुढे रेटत राहिलात तर ते सगळे चालत जावे लागतात. पेनकिलर मात्र रेसमध्ये अजिबात घेऊ नका, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तहानलेल्या शरीरात किडनीवर आणि पोटावर दोन्हीकडे घाव घालतात.

शेवटी दोन बारीक गोष्टी. सहा तास साखरेच्या पाकात दात भिजतात, म्हणून प्रत्येक पाकाच्या घोटानंतरचं पाणी आधी तोंडात फिरवून मग गिळायचं, आणि संपल्यावर लगेच ब्रश नाही, आधी चुळा, अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश. दुसरं, बाटली त्याच दिवशी धुवायची. नोझल पूर्ण खोलून, आतलं रबर काढून, गरम पाण्याने आणि छोट्या ब्रशने, नाहीतर तिथे काळी बुरशी धरते आणि पुढच्या राईडला पोट बिघडलं की आपण उगाच माल्टोला दोष देतो. सायकलची फ्रेम पण ओल्या फडक्याने पुसून घ्या, विशेषतः पिंजऱ्याचे स्क्रू आणि टॉप ट्यूबची पिशवी, मुंग्या एका रात्रीत लागतात आणि हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगमध्ये, शिरल्या की निघता निघत नाहीत.